लोणावळ्यात पाणी अठ्ठ्याण्णव अंशांवर उकळल्याबाबत

दिनांक : १२ जून २०२५

प्रति,
मा. सहसचिव (गैरप्रकार निवारण),
उपयोजित विज्ञान प्रमाणपत्र परीक्षा मंडळ,
विभागीय कार्यालय, पुणे.

विषय : कु. रेणुका सोपान ओव्हाळ (प्रयोगशाळा साहाय्यक प्रमाणपत्र परीक्षा, लोणावळा केंद्र) हिचा राखून ठेवलेला निकाल जाहीर करण्याबाबत आणि तिच्याकडून मागवलेले माफीपत्र रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ७ एप्रिल.
२) विभागीय कार्यालयातील सुनावणी, दि. १५ मे.
३) आपले पत्र, दि. ३ जून, सोबत नमुना माफीपत्र.

महोदय,

संदर्भ क्र. ३ अन्वये कु. रेणुका ओव्हाळ हिने २० जूनपर्यंत कॉपी केल्याची लेखी कबुली द्यावी, अन्यथा तिची परीक्षा रद्द समजण्यात येईल, असे कळवण्यात आले आहे. तिने कॉपी केलेली नाही. हे मी तिच्या स्वभावाच्या भरवशावर म्हणत नाही. मोजमापाच्या आधारे म्हणते आणि ते मोजमाप आपल्यासमोर ठेवण्यासाठी हा अर्ज करीत आहे.

१. मी लोणावळा केंद्रावर भौतिकशास्त्राची निदेशिका असून सदर परीक्षेत अंतर्गत परीक्षक होते. या प्रकरणात मलाही आपल्या कार्यालयाकडून ताकीद मिळालेली आहे. त्या ताकिदीविषयी माझे काहीही म्हणणे नाही. ती माझ्या सेवापुस्तकात राहू द्यावी.

२. फेब्रुवारीत झालेल्या प्रात्यक्षिक परीक्षेत 'तापमापीची तपासणी' हा प्रयोग होता. उमेदवाराने तापमापी आधी वितळत्या बर्फात व नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत धरायची आणि पारा जेथे स्थिर होईल ते वाचन लिहायचे, एवढेच काम. कु. रेणुका हिने बर्फातील वाचन शून्य आणि वाफेतील वाचन अठ्ठ्याण्णव असे लिहिले. उर्वरित सव्वीस उमेदवारांनी वाफेतील वाचन शंभर लिहिले. आपल्या उत्तरसूचीत शंभर आहे. सव्वीस जणांना पूर्ण गुण मिळाले.

३. बहिःस्थ परीक्षकांनी कु. रेणुका हिला पुन्हा नीट पाहण्यास सांगितले. तिने पाहिले, अठ्ठ्याण्णव. त्यांनी तापमापी सदोष असेल असे म्हणून दुसरी दिली. तिने ती प्रथम बर्फात बुडवून शून्य दाखवते याची खात्री केली आणि मग वाफेत धरली, अठ्ठ्याण्णव. परीक्षकांनी तिला पुस्तकात काय आहे ते आठवण्याचा सल्ला दिला. त्यावर ती म्हणाली, "सर, पुस्तकात शंभर आहे, पण वाचन अठ्ठ्याण्णव येतंय. प्रश्नात वाचन लिहा असं म्हटलंय." हे उत्तर उद्धट समजण्यात आले. मी तेथे उपस्थित होते. तिचा स्वर वर्गात शंका विचारताना असतो तसाच होता.

४. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते. साधारण तीनशे मीटरला एक अंश हा हिशेब सर्वत्र मान्य आहे. म्हणजे आमच्या गावात शुद्ध पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते, आणि त्याची पूर्वसूचना ते पाणी मंडळास देत नाही. पुस्तकातील शंभर हा आकडा समुद्रसपाटीवरील दाबासाठी आहे, असे त्याच पुस्तकात त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले आहे. उत्तरसूची तयार करताना ती ओळ गळली असावी, असे मी सौम्यपणे सुचवते. उमेदवाराला दाब पाहता आला असता, पण केंद्रातील एकमेव वायुदाबमापी प्राचार्यांच्या दालनात पाहुण्यांना दिसेल अशा जागी भिंतीवर टांगलेली आहे व ती काढण्यास परवानगी लागते.

५. आता नोटिशीतील आरोपाकडे येते. त्यात तीन मुद्दे आहेत. पहिला, उमेदवाराचे उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. दुसरा, ते इतर कोणत्याही उमेदवाराशी जुळत नाही. तिसरा, सबब सदर उत्तर तिला बाहेरील अनधिकृत स्रोताकडून मिळाले असले पाहिजे. पहिले दोन मुद्दे मला पूर्णपणे मान्य आहेत. आजवर मी असे समजत होते की एखाद्याचे उत्तर पुस्तकाशी आणि शेजाऱ्यांशी शब्दशः जुळल्यास कॉपीचा संशय घ्यायचा असतो. न जुळल्यास घ्यायचा असतो, हा नियम नव्याने लागू झाला असल्यास त्याचे परिपत्रक केंद्रास मिळालेले नाही.

नोटिशीत पुढे असेही आहे की झडतीत तिच्याकडे मोबाइल, चिठ्ठी वा अन्य काही सापडले नाही, "यावरून साधन लपवण्याचे कौशल्य दिसून येते." शास्त्रात अशा युक्तिवादाला जागा नसते. कारण काही सापडले असते तरी ती दोषी ठरली असती, आणि सापडले नाही तरी ती दोषीच आहे. ज्या कसोटीत निर्दोष सुटण्याची शक्यताच ठेवलेली नाही, तिला तपास म्हणता येत नाही.

६. उलटपक्षी, सव्वीस उत्तरपत्रिकांविषयी काही निरीक्षणे नोंदवणे माझे कर्तव्य आहे. आमच्या तापमापीवर लहानात लहान भाग एक अंशाचा आहे. तरी त्यांपैकी बावीस जणांनी १००.० असे दशांशासह लिहिले आहे. ते शून्य त्या काचेच्या नळीत कोणालाही दिसू शकत नाही. ते फक्त शेजारच्या कागदावर दिसू शकते. दुसरे असे की केंद्रात बर्नर सहा असून उमेदवार सत्तावीस होते. शेवटच्या तुकडीत चौथ्या टेबलावरचा बर्नर वाऱ्याने दोनदा विझला व नंतर पेटलाच नाही. त्या टेबलावरचे पाणी कोमट होते. त्या टेबलावरील उमेदवारास शंभर अंशांबद्दल पूर्ण गुण मिळाले आहेत. मी त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्याला शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही. तापमापीने जे सांगितले नाही ते लिहिल्याबद्दल गुण देण्याची पद्धत थांबावी, अशी आहे.

७. ही मुले लबाड आहेत का, असे कोणी विचारल्यास मी नाही म्हणेन. आमच्या प्रयोगशाळांत 'रीडिंग जुळवणे' हे काम पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात अपेक्षित आकडे लिहून ठेवलेले असतात. त्यांच्याजवळ येणारे वाचन बरोबर, लांब जाणारे चूक. काही दिवसांनी मूल उपकरणाकडे बघणे सोडते व कोपऱ्याकडे बघते, आणि त्याचे काम लवकर व व्यवस्थित होते. गुण आकड्याला आहेत, पाहण्याला नाहीत. केंद्राचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून संस्थाचालकांचा दबाव असतो. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागते म्हणून घरच्यांचा असतो. एक वर्ष वाया गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा गाडीभाडे काढून मळवलीहून वा कुरवंड्याहून यायचे, ही भीती तर प्रत्येकाच्या दप्तरात असते. अशा स्थितीत शेजाऱ्याच्या कागदावर नजर टाकणारा मुलगा मला बिघडलेला वाटत नाही. आम्ही जे शिकवले ते तो नीट शिकला आहे, एवढेच.

कु. रेणुकाच्या बाबतीत हे शिक्षण पूर्ण झाले नव्हते. तिची चूक असल्यास ती एवढीच आहे.

८. त्याचे परिणाम काय होतात, हेही अनुभवाने सांगते. तळेगाव दाभाडे येथील एका औषध कंपनीने (नाव देण्याची मला परवानगी नाही) मार्चमध्ये आमच्या केंद्रातून पाच उमेदवार मुलाखतीस बोलावले होते. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख सौ. ज्योत्स्ना कदम यांनी प्रत्येकासमोर गरम पाण्याचे भांडे व तापमापी ठेवून वाचन सांगण्यास सांगितले. चौघांनी तापमापी हातात घेण्यापूर्वी विचारले, "मॅडम, किती यायला पाहिजे?" पाचवी रेणुका. तिने तापमापी बुडवली, थांबली, आकडा सांगितला. तिची निवड झाली.

मी नंतर सौ. कदम यांना भेटले असता त्यांनी कारण सांगितले. दोन वर्षांपूर्वी आमच्याच परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला एक साहाय्यक त्यांच्याकडे शीतगृहातील तापमान नोंदवण्याच्या कामावर होता. त्याच्या नोंदी अत्यंत स्वच्छ असत व आकडा नेहमी मर्यादेत असे. शीतगृहाचा पंखा बंद पडला तेव्हाही आकडा मर्यादेतच होता. लहान मुलांना द्यायच्या औषधाचा एक संपूर्ण साठा टाकून द्यावा लागला. तो बाजारात गेला नाही ही केवळ सुदैवाची गोष्ट. तो मुलगा सौ. कदम यांच्यासमोर रडला व म्हणाला की आकडा मर्यादेबाहेर लिहिला तर आपल्यालाच ओरडा बसेल असे त्याला वाटले. सौ. कदम मला म्हणाल्या, "तांबोळी मॅडम, तुमच्याकडून येणाऱ्या मुलांना वाचता येतं. फक्त ती आमच्या चेहऱ्याकडे बघून वाचतात."

या कंपनीत कु. रेणुका हिला १ जुलै रोजी रुजू व्हायचे आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची अट आहे. ते न मिळाल्यास जागा प्रतीक्षायादीतील पुढच्या उमेदवारास जाईल. तो कोण, हे मी चौकशी करून पाहिले. चौथ्या टेबलावरचा.

९. दि. १५ मे रोजीच्या सुनावणीविषयी. मी कु. रेणुका व तिची आई श्रीमती शालन ओव्हाळ यांच्यासह वेळेपूर्वी हजर होते. चर्चेने वेळ घालवण्यापेक्षा समितीसमोर पाणी उकळून दाखवावे, या हेतूने मी दोन तपासलेल्या तापमाप्या नेल्या होत्या. पुणे लोणावळ्याहून थोडेच खाली असल्याने तेथेही पाणी शंभरला पोहोचणार नाही, हे समितीला दिसले असते. दाराशी त्या तापमाप्या 'अनधिकृत साधने' म्हणून जमा करून घेण्यात आल्या व पावती देण्यात आली.

आत एका सन्माननीय सदस्यांनी प्रात्यक्षिकाची गरजच नसल्याचे सांगितले. त्यांनी चहाच्या टेबलावरील विजेच्या किटलीकडे बोट दाखवले. तिच्या बटणावर १०० असा आकडा छापलेला होता व ते दाबले की पाणी उकळत होते. समितीने ही बाब इतिवृत्तात घेतली आहे. मी निवेदन केले की बटणावर काय छापावे हे कारखाना ठरवतो आणि पाणी कधी उकळावे हे दाब ठरवतो. ते इतिवृत्तात घेतलेले नाही.

दुसऱ्या सदस्यांनी असा मुद्दा मांडला की उंचीप्रमाणे उत्तरे बदलू लागली तर खंडाळ्याला एक उत्तर, महाबळेश्वरला दुसरे असे होईल व राज्यभर समान मूल्यमापन अशक्य होईल. महोदय, खंडाळा आणि महाबळेश्वर येथे पाणी खरोखरच वेगवेगळ्या तापमानांना उकळते. ही अडचण मंडळाच्या स्थापनेच्या आधीपासूनची आहे.

१०. सुनावणीनंतर याच परीक्षेतील एक उत्तीर्ण उमेदवार, लोणावळ्याचे श्री. रमीज शेख, आपणहून माझ्याकडे आले. ते म्हणाले, "मॅडम, मला पण अठ्ठ्याण्णवच दिसलं होतं. मी शंभर लिहून टाकलं. तिच्यासाठी लिहून द्यायला तयार आहे मी." त्यांनी तसे निवेदन स्वाक्षरीसह दिले. मी ते आपल्या कार्यालयात सादर केले असता गैरप्रकार निवारण कक्षातून तोंडी सांगण्यात आले की हे निवेदन दाखल करून घेतल्यास श्री. शेख यांनी खोटे वाचन लिहिल्याचे सिद्ध होईल व त्यांचे प्रमाणपत्र रद्द करावे लागेल, मात्र त्यामुळे कु. ओव्हाळ हिचे वाचन खरे होते असे सिद्ध होणार नाही. म्हणजे एकच वाक्य त्यांच्याविरुद्ध पुरावा आहे आणि तिच्या बाजूने पुरावा नाही. श्री. शेख यांना नुकतीच एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे. मी निवेदन परत घेतले. ते यावर नाराज आहेत. पण एका खरे बोलणाऱ्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याला बुडवणे मला योग्य वाटले नाही. ते निवेदन या अर्जासोबत जोडलेले नाही, आणि वर त्यांचे नाव त्यांच्या आग्रहावरून दिले आहे. त्यावरून कारवाई करायची असल्यास ती माझ्यावर करावी.

११. आता माफीपत्राविषयी, ज्यासाठी मुख्यतः हा अर्ज आहे. संदर्भ क्र. ३ सोबत आपण एक नमुना पाठवला आहे. त्यात उमेदवाराने आपले नाव घालून, "मी परीक्षेत अनधिकृत स्रोताचा वापर करून उत्तर लिहिले, त्याचा मला पश्चात्ताप होत आहे," इत्यादी मजकूर स्वहस्ताक्षरात, नमुन्याप्रमाणे शब्दशः उतरवून द्यायचा आहे. तसे केल्यास निकाल लगेच जाहीर होईल, असे कक्षातून सांगण्यात आले.

श्रीमती शालन ओव्हाळ यांची कुरवंडे येथे नागफणी सुळक्याकडे जाणाऱ्या वाटेवर चहाची टपरी आहे. त्यांना मी वायुदाब समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मॅडम, पाणी अठ्ठ्याण्णवला उकळू द्या न्हायतर शंभरला, च्या त्योच व्हतो. पोरगी नोकरीला लागंल असं बघा. लिवून द्यायला सांगा तिला." मी त्यांना चूक म्हणू शकले नाही. त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते. दोन वर्षे त्यांनी या मुलीसाठी काय काय केले, ते मी पाहिले आहे, आणि १ जुलै ही तारीख दाबाप्रमाणे बदलत नाही.

म्हणून गेल्या सोमवारी कु. रेणुका माझ्या घरी, माझ्याच टेबलावर, ते माफीपत्र लिहायला बसली. मी तिला लिही असेही म्हटले नाही व लिहू नको असेही म्हटले नाही. शेजारी आपला नमुना ठेवून ती एकेक ओळ उतरवत होती. तिचे अक्षर चांगले आहे. तिसऱ्या परिच्छेदाशी ती थांबली आणि तिने विचारले, "मॅडम, खाली असं आहे की, 'वरील मजकूर मी कोणाचेही पाहून न लिहिता स्वतःच्या मनाने लिहिला आहे.' हे पण बघूनच उतरवायचं का?"

मी नमुना तपासला. ओळ आहे.

महोदय, मी वीस वर्षे विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे देत आले आहे. ही शंका मी उत्तरासाठी आपल्याकडे पाठवत आहे. या मुलीला तिच्या संपूर्ण शिक्षणात पाहून लिहिण्याचा अधिकृत लेखी आदेश एकदाच मिळाला आहे, आणि तो कॉपीविरोधी कक्षाकडून आलेला आहे.  तिने पेनाला टोपण लावले, अर्धवट लिहिलेला कागद फाडून माझ्या केराच्या टोपलीत टाकला आणि नमुना माझ्याकडे दिला. जाताना म्हणाली की आईला ती स्वतः सांगेल. तिने सांगितले आहे. श्रीमती शालन त्यानंतर माझ्याशी बोललेल्या नाहीत.

१२. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे. कु. रेणुका ओव्हाळ हिचा निकाल माफीपत्राविना २० जूनपूर्वी जाहीर करण्यात यावा. ते शक्य नसल्यास आपण किंवा आपले प्रतिनिधी यांनी त्याआधी कोणत्याही दिवशी लोणावळ्यास यावे. सहाही बर्नर मी दुरुस्त करून घेतले आहेत. पाणी, बर्फ व तापमाप्या आपल्या पसंतीच्या आणाव्यात. आमच्या वापराव्यात असा आग्रह नाही. वायुदाबमापी भिंतीवरून काढण्यास प्राचार्यांनी परवानगी दिली आहे. पारा शंभरवर स्थिर झाला तर माफीपत्र मी स्वतः माझ्या नावाने, माझ्या अक्षरात, आपल्या नमुन्याप्रमाणे शब्दशः लिहून देईन व निदेशिकेच्या पदाचा राजीनामा देईन. अठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबला तर कोणाचीही माफी नको. आपण फक्त तो आकडा, जसा दिसेल तसा, उत्तरपत्रिकेवर लिहून स्वाक्षरी करावी.

आपण तापमापी वाचत असताना मी आपल्याकडे पाहणार नाही, म्हणजे किती यायला पाहिजे याचा अंदाज माझ्या चेहऱ्यावरून येणार नाही.

निर्णयाच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,

(स्वाक्षरी)
शहनाज बद्रुद्दीन तांबोळी
एम. एस्सी. (भौतिकशास्त्र)
निदेशिका व अंतर्गत परीक्षक, लोणावळा केंद्र

सोबत :
१) कु. रेणुका ओव्हाळ हिच्या प्रात्यक्षिक उत्तरपत्रिकेची छायाप्रत.
२) पाठ्यपुस्तकातील संबंधित पानाची छायाप्रत, तळटीप अधोरेखित.
३) दि. १५ मे रोजी जमा केलेल्या दोन तापमाप्यांची पावती. तापमाप्या परत मिळाव्यात. याच महिन्यात नवीन तुकडी सुरू होत आहे.
४) नमुना माफीपत्र, मूळ प्रत, न उतरवता परत.